स्वस्तातला ओव्हरक्लॉक गेमिंग पीसी: पार्ट कुठल्या क्रमाने निवडायचे

कोणीतरी पार्टची यादी पाठवतं आणि खाली एक ओळ, "दादा एकदा नजर टाक ना, उद्या घ्यायला जातोय." उद्या! आणि यादीत बहुतेक वेळा तीच गंमत असते, प्रोसेसर महागातला आणि ओव्हरक्लॉक होणारा (म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा), मदरबोर्ड असा की ज्यात ओव्हरक्लॉकचा पर्यायच उघडत नाही, पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, आणि उरलेल्या पैशात जे बसेल ते ग्राफिक्स कार्ड. म्हणजे गेममधे जो खरा राबणार त्याच्याच ताटात सगळ्यात कमी.

बजेट कमी असेल तर ओव्हरक्लॉकसाठीचे पैसे प्रोसेसरवर घालूच नका. प्रोसेसर साधा घ्या, आणि बोर्ड, कूलर, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटमधली हवा यांच्यात कंजुषी करू नका. खाली जो क्रम दिलाय त्यात प्रत्येक पार्ट आधीच्या पार्टवरून ठरतो, त्यामुळे मधूनच सुरुवात केली की मागे येऊन सगळं परत करावं लागतं. उदाहरण म्हणून मी एएमडीचा एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर धरलाय, कारण स्वस्त बोर्डावर, स्वस्त रॅमवर ओव्हरक्लॉक करू देणारं यापेक्षा सोपं काही मला तरी माहीत नाही. एएम५ किंवा इंटेल घ्यायचं असेल तरी क्रम हाच.

## आधीची तयारी: वहीत लिहून काढा

मोबाइलमधे नको, कागदावर लिहा, दुकानात तोच कागद हातात राहतो.

पहिलं, मॉनिटर कुठला आहे किंवा घेणार आहात. १०८० पी आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १५० एफपीएस (सेकंदाला १५० चित्रं) देणारं कार्ड घेऊन ते एफपीएस दिसणार कुठे? दुसरं, गेम कुठले खेळता. व्हॅलोरंट, सीएस टू असले गेम प्रोसेसर आणि रॅमवर जास्त चालतात, मोठमोठे ओपन वर्ल्ड गेम ग्राफिक्स कार्ड पिळून काढतात. "सगळेच खेळतो" हे उत्तर नाही, गेल्या महिन्यात काय खेळलात ते लिहा.

तिसरं, बजेट. यात मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड, माउस, विंडोज सगळं धरा आणि मग डब्यासाठी, म्हणजे कॅबिनेट आणि आतल्या पार्टसाठी, काय उरतं ते बघा. बरेच जण डब्यालाच सगळे पैसे लावतात आणि मग यूपीएस पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत राहतात.

चौथी गोष्ट कोणीच लिहीत नाही, ती म्हणजे खोली. मे महिन्यात दुपारी खोलीत किती तापमान असतं? अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पंख्याच्या खोलीत ४० च्या पुढे सहज जातं. कूलर प्रोसेसरला खोलीच्या खाली थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीपेक्षा किती वर ते ठरवतो. परदेशातल्या व्हिडिओत २२ डिग्रीच्या खोलीत ७० दाखवलेलं असतं, तेच तुमच्याकडे ४० च्या खोलीत साधारण ८८ होणार. हा हिशोब पुढे कूलर घेताना लागेल.

आणि अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, पार्ट नंतर.

## १. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात आधी ठरवा

डब्याच्या बजेटपैकी ३५ ते ४० टक्के इथे गेले पाहिजेत, हा माझा अंदाज आहे पण मी तो सहसा मोडत नाही. १०८० पी साठी रेडिऑन आरएक्स ६६०० हे उदाहरण धरू, ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर. कमी वॅटचं कार्ड घेतलं की पॉवर सप्लाय स्वस्त होतो, कॅबिनेट स्वस्त होतं, आणि उन्हाळ्यात खोलीही कमी तापते.

इथे फसायच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे पीसीआयई लेन. पीसीआयई हा कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, लेन म्हणजे त्यातल्या पट्ट्या, आणि पुढचा ३ किंवा ४ हा आकडा पिढीचा. आरएक्स ६६०० ला ८ लेन असतात, जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डावरही ते बऱ्यापैकी चालतं. पण आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४ लेन आणि मेमरी ४ जीबी, ते पीसीआयई ३ वर लावलं की मेमरी भरल्यावर गेम अडखळायला लागतो. खोक्यावर दोन्हींचे आकडे जवळजवळ दिसतात म्हणून "थोडंसंच कमी असेल" असं वाटतं, तसं नाहीये.

दुसरी म्हणजे सेकंडहँड कार्ड. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः घेतलेत, पण चालू पीसीत लावून दाखवत नसेल तर सरळ उठून निघा. पंधरा मिनिटं लोड टाका, सगळे पंखे फिरतात का बघा, मागचे सगळे पोर्ट मॉनिटर लावून तपासा, आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरचा, म्हणजे कार्डातल्या छोट्या कोअरचा, आकडा खोक्यावरच्या मॉडेलशी जुळतोय का ते पाहा. आरएक्स ५८० नावाखाली २०४८ शेडरवालं कार्ड खपवतात, मूळच्याला २३०४ असतात.

थांबा, तपासा: कार्डाचं पूर्ण नाव, वॅट, लांबी मिलीमीटरमधे आणि पॉवरच्या पिना, एवढं कागदावर आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट यावरूनच ठरणार आहे.

## २. प्रोसेसर: कुलूप कुठे आहे ते बघा

इंटेलचं सोपं आहे. मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवून ओव्हरक्लॉक करायचा तर प्रोसेसरच्या नावात के हवा आणि बोर्ड झेड मालिकेतला हवा, दोन्ही. १२४००एफ हा चांगला प्रोसेसर आहे पण त्याला कुलूप आहे. के वाला प्रोसेसर आणि झेड बोर्ड मिळून जेवढा फरक पडतो तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वर जातं, म्हणून बजेटमधे मी इंटेल ओव्हरक्लॉकला हातच लावत नाही. सेकंडहँडमधे १३व्या आणि १४व्या पिढीचे के वाले स्वस्त दिसले तर जपून, त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचा खराब व्हायचा प्रकार होता, इंटेलने २०२४ मधे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) दिला पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही.

एएमडीत रायझनचे बहुतेक सगळे प्रोसेसर उघडे असतात. अपवाद लक्षात ठेवायचा तो ५८००एक्स३डी, त्याचा मल्टिप्लायर बंद आहे. रायझन ५ ५६०० ला ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आणि पीसीआयई ४ मिळतं. त्याच्याच शेजारी ५५०० आणि ५६००जी ठेवलेले असतात, नावं सारखी, कोअर तेवढेच, पण कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३. बोर्ड कितीही भारी घ्या, या दोघांवर पीसीआयई ३ च राहणार.

आणि ५६०० ला स्वतःचा डिस्प्ले नाही. म्हणजे "कार्ड दोन महिन्यांनी घेतो, तोवर असाच चालवतो" हे चालत नाही, स्क्रीनवर काहीच येणार नाही. डिस्प्ले हवा असेल तर ५६००जी घ्यावा लागतो आणि मग कॅशचा तोटा कायमचा. इंटेलच्या एफ वाल्यांनाही स्वतःचा डिस्प्ले नसतो.

५६००एक्स साठी जास्त पैसे देऊ नका. ५६०० ला पुढे सांगितल्याप्रमाणे ट्यून केलं की दोघांत फार अंतर राहत नाही, ओव्हरक्लॉकचा उपयोग तरी मग काय.

## ३. मदरबोर्ड: सगळ्यात जास्त चुका इथेच

वेळ घ्या इथे.

पहिली चाळणी चिपसेटची, म्हणजे बोर्डाच्या नावातल्या ए५२०, बी५५० असल्या आकड्याची. एएम४ मधे ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५० आणि बी५५० वर होतो. एएम५ मधे ए६२० वर होत नाही, बी६५० वर होतो. इंटेलच्या बी६६०, बी७६० वर रॅमचा स्पीड वाढतो पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. ए५२० आणि बी५५० च्या किमतीत थोडाच फरक असतो आणि दुकानदार "अहो तेच आहे हे, नुसतं नाव वेगळं" असं म्हणून ए५२० हातात ठेवतो. ते एकच नाही.

दुसरी चाळणी व्हीआरएम. सॉकेटच्या डावीकडे आणि वर जी चौकोनी कॉइलची रांग दिसते ती प्रोसेसरला लागणारी वीज तयार करते, आणि ओव्हरक्लॉक केला की सगळा ताप तिथे. त्यावर धातूचा हीटसिंक आहे का हे फोटोत नुसतं बघून कळतं. काही स्वस्त बी४५० आणि बी५५० बोर्डांवर तो नसतोच, उघडी मॉस्फेट (वीज सांभाळणाऱ्या छोट्या चिप). असल्या बोर्डावर ५६०० साध्या सेटिंगवर चालेल, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पीबीओ (एएमडीचा आपोआप ओव्हरक्लॉक करणारा पर्याय) लावून तासभर गेम खेळलात की व्हीआरएम तापून प्रोसेसर आपोआप मंद होतो आणि तुम्ही दोष देता कूलरला. निदान डाव्या बाजूला तरी नीट हीटसिंक हवा. आरजीबी लाइटवर, वाय-फायवर पैसे नंतर.

तिसरी चाळणी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. बी४५० बोर्ड हे रायझन ५००० च्या आधीचे आहेत, जुना स्टॉक असेल तर ५६०० लावल्यावर काळा पडदा. खोक्यावर रायझन ५००० रेडीचं लेबल असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बोर्डावर बिना प्रोसेसर बायोस अपडेट करायचं बटन आहे का ते बघा, एमएसआयवर त्याला फ्लॅश बायोस म्हणतात, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस, आसूसवर बायोस फ्लॅशबॅक. पेनड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट करायचा आणि फाइलचं नाव कंपनीने सांगितलंय तेच ठेवायचं, नाव चुकलं की पुढे काहीच होत नाही. यातलं काहीच नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करून आणि स्क्रीन चालू दाखवूनच बोर्ड घ्या.

माझ्या मावसभावाने जुना बी४५० बोर्ड घेतला होता, स्वस्तात मिळाला म्हणून खूश. घरी आल्यावर कळलं की पाठीमागची धातूची बॅकप्लेटच नाही, आधीच्या माणसाने कूलरबरोबर काढून ठेवलेली. एएम४ च्या बऱ्याच कूलरचे स्क्रू त्या प्लेटमधेच बसतात. पुढचे दहा दिवस नवा पीसी टेबलावर आणि आम्ही प्लेटच्या शोधात. सेकंडहँड एएम४ बोर्ड उलटा करून बघा, प्लेट आहे ना, आणि पुढचे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेटही मागून घ्या.

थांबा, तपासा: बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा, प्रोसेसरच्या यादीत तुमचा प्रोसेसर शोधा, शेजारी बायोसचा जो आकडा लिहिलाय तो कागदावर घ्या. रिव्हिजनचा नंबरही जुळवा, एकाच नावाच्या बोर्डाची रिव्हिजन बदलली की आतलं बदलू शकतं.

## ४. रॅम: मेगाहर्ट्झ बघून उड्या मारू नका

दोन काड्या. एक १६ जीबीची काडी घेऊन "नंतर दुसरी टाकू" असं करू नका, एकाच काडीवर रायझन निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून धावतो आणि एफपीएस झटके देतात. दोन्ही एकाच पाकिटातल्या घ्या, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन काड्यांच्या चिप वेगळ्या निघू शकतात आणि मग एक्सएमपीवर (रॅम खोक्यावरच्या स्पीडला चालवणारं सेटिंग) दोघी भांडतात.

आता आकडे. दुकानात "३२०० ची रॅम" म्हणून जे देतात त्यात सीएल१६ पण असते आणि सीएल२२ पण. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती थांबते त्याचा आकडा. फरक काढायचा हिशोब असा की सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या स्पीडने भागायचं, उत्तर येतं नॅनोसेकंदात, आणि ते जितकं कमी तितकं बरं. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. आणि ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५! खोक्यावर मोठ्या अक्षरात ३२०० दोघांवरही असतं, सीएल मात्र बारीक स्टिकरवर.

५६०० साठी ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८ पुरे. ३६०० वर प्रोसेसरच्या आतला फॅब्रिक क्लॉक (आतले भाग जोडणाऱ्या रस्त्याचा वेग) १८०० वर रॅमच्या बरोबरीने चालतो. ४००० ची रॅम घेतली तर फॅब्रिक २००० वर जायला हवा, तो बहुतेक चिपना झेपत नाही, मग बोर्ड दोघांचं प्रमाण तोडतो आणि महागडी रॅम उलट हळू वाटते. एएम५ घेणाऱ्यांनी हाच विचार डीडीआर५ च्या ६००० साठी करायचा.

उंच, लाइटवाल्या काड्या टॉवर कूलरच्या पंख्याला अडतात. बुटक्या घ्या.

## ५. कूलर

५६०० च्या खोक्यात रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर येतो. साध्या सेटिंगला तो चालतो, आवाज करतो पण चालतो. ओव्हरक्लॉकसाठी १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपवाला टॉवर घ्या, डीपकूलचा एजी४०० किंवा त्या दर्जाचा कुठलाही. १२० मिमीचे स्वस्त लिक्विड कूलर मी सुचवत नाही, त्याच पैशात चांगला टॉवर येतो आणि त्यात पंप बंद पडायची भानगड नाही.

कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेशी जुळवा, कारण हे टॉवर १५० मिमीच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटचा काचेचा दरवाजा लागत नाही.

⚠ कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते, ती काढा. हसू नका, प्रोसेसर ९५ ला का जातोय म्हणून मला व्हिडिओ कॉल आलेत.

⚠ एएम४ चा कूलर कधीही सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकलेली असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि १३३१ पिनांतली एखादी वाकते. आधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

## ६. पॉवर सप्लाय आणि यूपीएस

कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय घेऊ नका, खोक्यावर कितीही वॅट लिहिलेले असोत. खरे वॅट कसे ओळखायचे, तर सप्लायच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. ४५ अँपियर म्हणजे ५४० वॅट, हा खरा ५५० चा सप्लाय. २५ अँपियर म्हणजे ३०० वॅट, मग वर ५०० लिहिलेलं असलं तरी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात या १२ व्होल्टवरच.

आपला हिशोब: कार्ड १३२, प्रोसेसर विजेच्या मूळ मर्यादेत ७६ आणि मर्यादा वाढवल्यावर १२० धरू, बाकी पंखे, एसएसडी, बोर्ड मिळून ५०-६०. साधारण ३१०. त्यावर कार्ड मधेच क्षणभर जास्त वीज ओढतं, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ. ७५० ची गरज नाही, ते पैसे कार्डाला द्या.

८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतली सुरक्षा चांगली की वाईट ते नाही. वॉरंटी पाच वर्षांची आहे का हे मी आधी बघतो, कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते त्यातून कळतं.

⚠ मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) सप्लायच्या वायरी दुसऱ्या सप्लायला लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची रचना वेगळी असू शकते, एसएसडी जळते.

यूपीएसचं सांगतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. आपला डबा ३१० आणि मॉनिटर २५-३०, म्हणजे अगदी काठावर, वर कार्डाची क्षणभराची जास्तीची ओढ, त्यामुळे गेम चालू असताना लाइट गेली की तो टूं टूं करत खालीच बसणार. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून यूपीएस हा ओव्हरक्लॉकचाच पार्ट धरा.

## ७. कॅबिनेट

पुढून जाळीचं. काच लावलेली दिसायला छान असते पण पंखे काचेला तोंड लावून बसलेले. पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर, एवढं पुरे. फिल्टर निघणारा हवा, म्हणजे धूळ धुता येते. कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे हीच धूळ चिकट होऊन फिल्टरवर बसते, तिथे दर महिन्याला काढून बघा.

## ८. खरेदी: एका आठवड्यात सगळं

ही चूक फार महागात पडते. सेलमधे कार्ड घेतात, मग पगार झाल्यावर बोर्ड, मग दिवाळीत पॉवर सप्लाय. सगळं जोडल्यावर कळतं की कार्ड खराब होतं, आणि बदलून द्यायची मुदत कधीच संपलेली, आता सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या. पैसे साठवा आणि मग आठवड्याभरात सगळं घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर सकाळी जा, तीन-चार दुकानांत एकच कागद दाखवा आणि भाव पूर्ण मॉडेल नंबरासकट लिहून घ्या. "१६ जीबी रॅम, बी५५० बोर्ड, ५५० सप्लाय" असं कोटेशन म्हणजे काहीच नाही, त्यात कुठलाही माल बसतो. एखादा पार्ट स्टॉकमधे नसेल आणि दुसरा देतो म्हणाले तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, बाहेर चहा घ्या, मोबाइलवर वरच्या चाळण्या लावून बघा.

बिल जीएसटीचं, आणि त्यावर सिरियल नंबर. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे वॉरंटीच्या वेळी काय दाखवणार? ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. आणि दुबई, अमेरिकेतून मामा-काकांकडून कार्ड मागवण्याआधी त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का ते विचारा, अनेकदा चालत नाही.

हेही आधीच माहीत असू द्या की पीबीओ वापरून झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, पर्याय त्यांनीच दिलेला असला तरी.

## ९. जोडल्यावर: ओव्हरक्लॉकचा क्रम

पहिल्याच दिवशी सगळं वाढवलं आणि पीसी बंद पडला, तर दोष कोणाचा ते कसं शोधणार? एका वेळी एकच गोष्ट.

पायरी १. काहीही न बदलता दोन-तीन दिवस वापरा. सिनेबेंच (प्रोसेसरवर लोड टाकून स्कोअर देणारं टूल) दहा मिनिटं, एखादा ग्राफिक्स बेंचमार्क, एचडब्ल्यूइन्फोमधले तापमानाचे आकडे, सगळं कागदावर. हा तुमचा पाया. इथेच पीसी अडखळत असेल तर पार्ट बदलून घ्या, ओव्हरक्लॉकला हात लावू नका.

पायरी २. रॅम. काड्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना? मग बायोसमधे एक्सएमपी चालू करा, आसूसच्या बोर्डावर ते डीओसीपी नावाने असतं. बरेच जण हे करतच नाहीत आणि ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० नाहीतर २१३३ वर चालत राहते. टास्क मॅनेजरमधे स्पीड बघा. मग मेमटेस्ट८६ रात्रभर, एकही एरर चालणार नाही. एक एरर आली तरी "चालतंय की" म्हणू नका, असल्या रॅमवर विंडोजच्या फाइली हळूहळू बिघडतात.

पायरी ३. ग्राफिक्स कार्ड. रेडिऑन असेल तर त्याच्याच अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून, एनव्हिडिया असेल तर आफ्टरबर्नरमधून. आधी व्होल्टेज थोडं खाली आणा, कार्ड थंड होतं आणि बऱ्याचदा त्यानेच क्लॉक (वेग) वर टिकतो. मग कोअर २५-२५ मेगाहर्ट्झने. मेमरी वाढवताना स्क्रीनवर ठिपके यायची वाट बघू नका, स्कोअर बघा, कारण मेमरी जास्त ताणली की काही वेळा क्रॅश न होता चुका दुरुस्त करण्यातच वेळ जातो आणि स्कोअर उलट खाली येतो. जिथून खाली यायला लागला त्याच्या दोन पायऱ्या मागे थांबा.

पायरी ४. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. सगळे कोअर एका ठरावीक क्लॉकवर बांधायची जुनी पद्धत ५६०० वर करू नका, त्यात एकट्या कोअरचा वरचा बूस्ट जातो आणि गेमला तोच लागतो. पीबीओ चालू करा, कर्व्ह ऑप्टिमायझरमधे (कोअरचं व्होल्टेज खाली-वर करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० द्या. दोन दिवस ठीक गेले तर १५, मग २०. सरळ ३० टाकू नका, कोणाच्या तरी व्हिडिओत चाललं म्हणजे तुमच्या चिपवर चालेल असं नसतं.

इथे एक फसवणूक आहे. कर्व्ह जास्त खाली गेला की पीसी फुल लोडवर बंद पडत नाही, तो पडतो रिकामा असताना, ब्राउझर उघडा ठेवून चहा करायला गेलात की रीस्टार्ट होऊन बसलेला. कारण हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. म्हणून सिनेबेंच तासभर चाललं हा पुरावा नाही. कोअरसायकलर नावाचं फुकट टूल एकेका कोअरला पाळीपाळीने तपासतं, ते रात्रभर लावा. सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आहेत का बघा, असतील तर पाच पायऱ्या मागे या, पीसी बंद पडला नसला तरी.

थांबा, तपासा: गेम अर्धा तास खेळून प्रोसेसर ८५ च्या खाली, कार्डाचा हॉटस्पॉट (सगळ्यात गरम जागा) ९५ च्या खाली. डिसेंबरात हे सगळं केलं असेल तर मे महिन्यात दुपारी परत मोजा आणि प्रोसेसर ८५ ओलांडत असेल तर पीबीओच्या वॅटची मर्यादा मूळ ७६ वर आणा, कर्व्ह तसाच ठेवा. एफपीएसमधे फरक फारसा कळणार नाही.

पीसी चालूच झाला नाही तर घाबरून दुकानात पळू नका. प्लग काढा, बोर्डावरचे सीमॉसचे दोन पिन स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा किंवा सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो. आणि जे सेटिंग टिकलं ते बायोसच्या प्रोफाइलमधे सेव्ह करून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटोही काढा, कारण बायोस अपडेट केला की ती प्रोफाइलं बहुतेक वेळा उडतात, तेव्हा फोटोच कामाला येतो.